कांचेपलीकडचें गणकयंत्र

दरमहा या पानावर आपण घरांतील एखादी वस्तु अगर घराबाहेरील एखादें पाहण्याजोगें स्थळ घेऊन चार गोष्टी बोलतों. या महिन्यांत दोन्ही एकत्र आलीं आहेत. वस्तु म्हणजे जाड कागदाचा एक तुकडा, आणि स्थळ म्हणजे जुनीं गणकयंत्रें जतन करणारें एक दूरदेशींचें संग्रहालय. या दोहोंना जोडणारी व्यक्ति आमच्याच घरांतील आहे. तिच्या बाबतींत माझ्या हातून एक चूक घडली आहे. ती कबूल केल्यावांचून ही हकीकत मला सांगतां यावयाची नाहीं.

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेरे हें आमचें गांव. शांतिवनामुळें त्याचें नांव पुष्कळ वाचकांच्या कानांवरून गेलें असेल. मुंबईंतील दोन खोल्यांचें बिऱ्हाड मोडून आम्ही येथें राहावयास आलों, त्यास आतां अठरा वर्षें झालीं. बिऱ्हाड मोडतांना माळ्यावरील सामानाची निवड मीं केली. भांडीं ठेवावयाचीं, पोथ्या ठेवावयाच्या, वडिलांचीं पत्रें ठेवावयाचीं, आणि बाकीचें निरुपयोगी सामान रद्दीवाल्यास द्यावयाचें, असा माझा सरळ हिशेब होता. त्या निरुपयोगी सामानांत बदामी रंगाच्या जाड कार्डांचा, सुतळीनें नीट बांधलेला एक गठ्ठा निघाला. कार्डांना बारीक छिद्रें होतीं, त्यामुळें पाठीवर लिहिण्यासहि तीं सोयीचीं नव्हतीं. रद्दीवाल्यानें कागद जाड म्हणून किलोमागें एक रुपया अधिक दिला, आणि व्यवहार चांगला झाला असें मला वाटलें. माझी थोरली बहीण अक्का त्या वेळीं दारांतच उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं.

दोन वर्षांपूर्वींच्या आषाढांत गाढी नदीस पूर आला होता, घरांत ओल आली होती, आणि वाळवीच्या भयानें आम्हीं पुस्तकांचें कपाट रिकामें करावयास घेतलें. माझा मुलगा अमेरिकेहून सहकुटुंब आला होता. तोहि हाताशीं होता. वडिलांच्या जुन्या पंचांगांच्या चळतींतून त्यानें शके १८९७ चें पंचांग उचललें, तों त्यांतून खुणेसाठीं घातलेलें एक बदामी कार्ड खालीं पडलें. मुलगा संगणकाच्याच धंद्यांत आहे. त्यानें तें कार्ड उजेडाकडे धरलें आणि विचारलें, "बाबा, हें पंचकार्ड आपल्या घरीं कसें?"

मी उत्तर शोधूं लागलों, तोंच स्वयंपाकघरांतून अक्काचा आवाज आला, "तें माझें आहे. मीं पाडलेलें."

मुलगा पाहतच राहिला. ज्या विद्येवर त्याचा संसार चालला आहे, त्या विद्येंत त्याच्या आत्येनें आपलें तारुण्य घालविलें, हें त्यास पन्नाशीच्या घरांत आल्यावर प्रथम कळलें. आणि खरें सांगावयाचें तर मलाहि त्याहून फारसें अधिक ठाऊक नव्हतें.

आमचे वडील १९६४ सालीं गेले. अक्का एकोणीस वर्षांची होती. मी व धाकट्या दोघी शाळेंत होतों. वडिलांच्या दुखण्यांत काढलेलें कर्ज डोक्यावर होतें. १९६६ सालीं अक्का मुंबईंतील एका मोठ्या कचेरींत नोकरीस लागली. घरांत एवढेंच ठाऊक होतें कीं, अक्का कचेरींत 'टायपिंग' करते. सकाळीं डबा घेऊन जाते आणि दिवेलागणीस परत येते. तिच्या पगारावर माझी फी भरली गेली, दोघी बहिणींचीं लग्नें झालीं आणि कर्जहि फिटलें. तिचें स्वतःचें लग्न मात्र राहून गेलें. ती तेथें नेमकें काय करते, हें आम्हां भावंडांपैकीं एकानेंहि तिला कधीं विचारलें नाहीं.

आतां तिनें सांगितलें तें असें. मुंबईंतील व्यापारी कचेऱ्यांत गणकयंत्राचा प्रवेश १९६१ सालीं झाला. एस्सो या तेलकंपनीनें तेव्हां आयबीएम १४०१ नांवाचें यंत्र आणलें. पुढें रेल्वे, विमा, कापड व यंत्रसामग्रीचे कारखाने यांनींहि तेंच धोरण स्वीकारलें. आयबीएमचा मुंबईंत कारखाना होता. बाहेरदेशीं वापरून परत आलेलीं यंत्रें तेथें दुरुस्त होत आणि भाड्यानें दिलीं जात. १९७८ सालीं ही कंपनी हिंदुस्थानांतून निघून गेली, तोंपर्यंत हा क्रम चालू होता. अक्काच्या कचेरींतहि १४०१ च होतें.

त्या यंत्रास आजच्याप्रमाणें समोर बसून कळा दाबून कांहीं सांगतां येत नसे. त्याला जें सांगावयाचें तें कार्डांवर छिद्रें पाडून सांगावें लागे. ही युक्ति हर्मन हॉलेरिथ नांवाच्या अमेरिकन गृहस्थाची. त्या देशाच्या १८९० सालच्या खानेसुमारींत ती प्रथम मोठ्या प्रमाणावर उपयोगांत आली. अक्काच्या काळचें कार्ड लांबीला साडेसात इंचांहून किंचित् कमी आणि रुंदीला सव्वातीन इंच होतें. त्यावर ऐंशी उभे स्तंभ व बारा आडव्या ओळी असत. एका स्तंभांत एक अंक किंवा एक इंग्रजी अक्षर मावे. अंकास एक छिद्र लागे. अक्षरास दोन लागत, एक वरच्या तीन ओळींपैकीं एका ओळींत आणि दुसरें खालच्या अंकांत. म्हणजे एका कार्डावर फार तर ऐंशी अक्षरें. एका माणसाच्या नांवागांवास आणि पैशाच्या नोंदीस एक कार्ड पुरे. पण माणसें लाखों, म्हणून कार्डेंहि लाखों.

हीं कार्डें पाडण्यासाठीं एका लांबट खोलींत मुली ओळीनें बसत. यंत्राचा खडखडाट इतका असे कीं, घरीं आल्यावरहि तासभर कानांत घुमत राही. एकीनें पाडलेलें कार्ड दुसरीनें पडताळणीच्या यंत्रावर पुन्हा टंकावयाचें, असा नियम होता. हें दुसरें यंत्र नवीं छिद्रें पाडीत नसे. पहिलीचें छिद्र आणि दुसरीची कळ जुळते कीं नाहीं, एवढेंच पाही. सर्व जुळलें तर कार्डाच्या उजव्या कडेस लहानशी खांच पडे. चूक निघाली तर चुकलेल्या स्तंभाच्या माथ्यावर खांच पडे. ताशीं किती कार्डें झालीं याची रोज मोजदाद होई. पावसाळ्यांत कार्डें ओलीनें फुगत, आणि फुगलेलें कार्ड यंत्रांत अडकलें म्हणजे सारें काम थांबे. तेव्हां बोल मुलींना लागे.

दुसरा एक त्रास होता, तो मनाचा. जेवणाच्या सुट्टींत जुन्या कारकुनांच्या टेबलाशीं या मुलींना कोणी बसवून घेत नसे. या यंत्रापायीं आपली भाकरी जाणार, आणि या मुली त्या यंत्राला घास भरवितात, असें त्यांस वाटे. ही भीति त्या एका कचेरीपुरती नव्हती. १९६०-७० च्या दशकांत विमा व बँका येथील कर्मचाऱ्यांच्या संघटनांनीं गणकयंत्रांस कसून विरोध केला. कलकत्त्यास तर मोठें आंदोलन उभें राहिलें. अखेरीस सरकारनें पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली, आणि तिनें १९७२ सालीं आपला अहवाल दिला. अक्का म्हणते, "त्यांचें तरी काय चुकलें? घरीं खाणारीं तोंडें त्यांनाहि होतींच. पण डबा एकटीनें खावा लागे, तो घास कांहीं केल्या उतरत नसे."

आणि ज्या यंत्राला ती घास भरवीत होती, तें यंत्र तिनें कधीं जवळून पाहिलें नाहीं! थंड हवेच्या खोलींत, मोठ्या कांचेपलीकडे तें असे. कार्डांच्या पेट्या शिपाई आंत नेई. पंचिंगच्या मुलींना आंत मज्जाव होता. चौदा वर्षें अक्कानें तें कांचेतून पाहिलें.

एवढें बोलून ती थांबली. मुलानें सहज विचारलें, "मग आत्या, हें एवढें एकच कार्ड कां ठेवलेंस?"

तेव्हां तिनें जें सांगितलें तें ऐकून मला जमिनीनें पोटांत घ्यावें असें झालें. १९७३ सालीं तिनें संध्याकाळच्या एका वर्गास नांव घालून १४०१ ची ऑटोकोडर ही आज्ञालिपि शिकून घेतली होती. आम्हांस वाटे, कचेरींत काम वाढलें म्हणून तिला उशीर होतो. त्या विद्येच्या बळावर तिनें एक प्रोग्रॅम रचला. वडिलांच्या कर्जाचें व्याज दरसाल वाढत होतें. महिन्याला किती रुपये भरले असतां तें कोणत्या महिन्यांत फिटेल, याचें कोष्टक त्यानें करावयाचें होतें. एकशें बेचाळीस कार्डें झालीं. आंत काम करणाऱ्या एका भल्या गृहस्थानें रात्रपाळींत तीं यंत्रास घातलीं, आणि दुसऱ्या दिवशीं छापून आलेला लांब कागद तिच्या हातीं दिला. त्या कोष्टकाप्रमाणें ती कर्ज फेडीत गेली. वरच्या जागेसाठीं तिनें कचेरींत अर्जहि केला, पण ती जागा 'बाहेरून आलेल्या शिकलेल्या मुलास' मिळाली. कार्डांचा तो गठ्ठा तिनें घरीं आणून माळ्यावर ठेविला. त्या काळीं अशा गठ्ठ्याची नक्कल दुसरीकडे कोठेंहि नसे. गठ्ठा हाच प्रोग्रॅम. पंचांगांत सांपडलें तें एक कार्ड चुकून जास्त पडलेलें, टाकाऊ होतें. बाकीचीं एकशें बेचाळीस मीं किलोवर विकलीं होतीं.

मुलानें त्या दिवशीं अधिक कांहीं विचारलें नाहीं. मात्र परत जातांना तो म्हणाला, "आत्या, पुढच्या उन्हाळ्यांत तुम्ही तिघेंहि या. तुला एक ठिकाण दाखवावयाचें आहे." अक्का तेव्हां अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. सौ. म्हणाली, "वन्सं, तुम्ही निघालांत तरच मी येईन." अक्कानें आढेवेढे घेतले, पण नाहीं म्हटलें नाहीं.

कॅलिफोर्नियांत मौंटन व्ह्यू म्हणून एक शहर आहे. मराठी मंडळींचीं पुष्कळ घरें त्या टापूंत आहेत, आणि मुलांकडे गेलेले आईबाप तेथील पूल, बागा व देवळें पाहून परत येतात. त्याच शहरांत संगणकांच्या इतिहासाचें एक मोठें संग्रहालय आहे. गणनेसाठीं माणसानें काय काय केलें, तें तेथें मणिचौकटीपासून क्रमानें मांडलें आहे. १९७६ सालचें क्रे-१ हें प्रचंड वेगाचें यंत्र तेथें आहे. तें वाटोळें असून त्याच्या पायाशीं गाद्या घातलेला बांक आहे, जणूं देवळाच्या खांबाभोंवतालचा पारच! बांकाच्या पोटांत विजेची सामग्री दडविलेली आहे, आणि वाटोळेपणाचें कारण असें कीं, आंतील तारा शक्य तितक्या आंखूड व्हाव्या. तारा जितक्या लांब, तितका विजेस पोंचावयास वेळ अधिक.

परंतु आम्ही गेलों होतों तें दुसऱ्या एका दालनासाठीं. तेथें आयबीएम १४०१ हें यंत्र चालू स्थितींत ठेविलें आहे. एक नव्हे, दोन. पहिलें जर्मनींतून आलें, दुसरें कनेक्टिकट प्रांतांतील एका घराच्या तळघरांतून. निवृत्त अभियंत्यांनीं वर्षानुवर्षें फुकट खपून तीं पुन्हा जिवंत केलीं आहेत. लोकांना तें यंत्र चालवून दाखविणें, हाच आतां त्यांचा वानप्रस्थाश्रम. जुन्या यंत्रांची अशी सेवा इंग्लंडांतहि चालते. ब्लेचली पार्क येथील संग्रहालयांत १९५१ सालचें अडीच टन वजनाचें एक यंत्र २०१२ सालीं दुरुस्त होऊन पुन्हा आंकडेमोड करूं लागलें.

दालनांत शिरतांच कार्डें वाचणाऱ्या यंत्राचा खडखडाट सुरू झाला. मिनिटास आठशें कार्डें तें गिळतें. सौ.नें कानांवर हात ठेविले. अक्का मात्र जागच्या जागीं उभी राहिली आणि म्हणाली, "आवाज तोच आहे."

एका बाजूस कार्डें पाडण्याचें यंत्र होतें. पाहुण्यांनीं आपलें नांव टंकून पाहावें म्हणून तें ठेविलेलें असतें. मुलानें तेथील वृद्ध अभियंत्यास अक्काची हकीकत सांगितली. त्यानें खुर्ची पुढें केली. अक्कानें पदर खोंचला, चष्मा सारखा केला आणि कळांवर बोटें ठेविलीं. पहिलीं दोन कार्डें बिघडलीं. तिसऱ्यावर तिनें चारच अक्षरें पाडलीं, 'नेरे' या नांवाचीं इंग्रजी अक्षरें. आणि छापील मजकुराकडे न पाहतां, कार्ड उजेडाकडे धरून, नातवाला छिद्रें वाचून दाखविलीं. "हें पाहा, दुसऱ्या ओळींत एक आणि पांचावर एक, म्हणजे एन्. अगदीं वरच्या ओळींत एक आणि पुन्हा पांचावरच, म्हणजे ई. दुसऱ्या ओळींत एक आणि नवावर एक, म्हणजे आर्. मग पुन्हा ई." तो अभियंता हंसला आणि आपल्या सोबत्यांस हांक मारून म्हणाला, "इकडे या, येथें खरी कामकरीण आली आहे."

मग त्यांनीं तिला दोरीच्या आंत नेलें. फडताळाच्या दारांसारख्या चौकटी वळवून यंत्राचें अंतरंग दाखविलें. आंत ओळींनीं लाविलेल्या शेंकडों लहान पट्ट्या होत्या. स्मरणशक्तीचा भाग तर बायकांनीं पाहण्यासारखा आहे. लोहचुंबकी द्रव्याचे बारीक मणी, आणि प्रत्येक मण्यांतून ओंवलेल्या तारा. मंगळसूत्राचे काळे मणी जाळींत ओंवावे तसें तें दिसतें. मणी एका दिशेनें चुंबकित झाला तर एक, उलट दिशेनें झाला तर शून्य. वीज बंद केली तरी मणी विसरत नाहीं. मूळ यंत्रांत अशीं चार हजार अक्षरें मावत, आणि जोडीला आणखी एक कपाट लाविलें तर सोळा हजार. वाचक आतां वाचीत आहेत, सुमारें त्या लेखाएवढें! एवढ्या स्मरणशक्तीवर मोठमोठ्या कचेऱ्यांचे पगार निघत.

अक्कानें विचारलें, "हात लावला तर चालेल?" अभियंता म्हणाला, "आपण चौदा वर्षें याला जेवूं घातलेंत. आपण नाहीं लावावयाचा तर कोणीं?" तिनें यंत्राच्या कडेवरून एकदां हात फिरविला आणि लगेच मागें घेतला.

पुढें तासभर ते तिघे-चौघे म्हातारे तिलाच प्रश्न विचारीत बसले. यंत्राचा कण न् कण त्यांस पाठ होता. पण पावसाळ्यांत कार्डें फुगलीं तर मुंबईच्या मुली काय करीत, रात्रपाळीची व्यवस्था कशी असे, पडताळणीच्या वेळीं मैत्रिणीची चूक पकडली तर दोघींच्या मनांत काय येई, हें त्यांस कोणत्या पुस्तकांत मिळणार? मुलगा दुभाषी झाला होता. बोलतां बोलतां तिच्या प्रोग्रॅमची गोष्ट निघाली. एकानें उत्सुकतेनें विचारलें, "तो गठ्ठा घरीं आहे काय? आपण आणला असतांत, तर येथें आत्तांच चालवून पाहिला असता."

मुलानें माझ्याकडे पाहिलें. अक्कानेंहि पाहिलें असेल; मीं मान वर केली नाहीं. ती शांतपणें म्हणाली, "घर बदलतांना गेला."

परतीच्या वाटेवर माझ्या मनांत एकच विचार घोळत होता. माझ्या हातून जें घडलें, तें आपल्याकडे घरोघरींच नव्हे, तर त्याहून मोठ्या प्रमाणावरहि घडलें आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत र. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं कांहीं तरुणांनीं स्वतःच्या बुद्धीनें एक गणकयंत्र बांधलें. त्या तुकडींतील बहुतेकांनीं त्यापूर्वीं असें यंत्र कधीं वापरलेलेंहि नव्हतें. प्रायोगिक यंत्र १९५६ सालीं चालूं लागलें. पूर्ण यंत्र १९६० सालीं कामास लागलें. जवाहरलाल नेहरूंनीं त्यास 'टिफ्रॅक' हें नांव दिलें. अठरा फूट लांब व आठ फूट उंच अशी त्याची पोलादी चौकट होती. आंत २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रोधक होते. स्मरणासाठीं चुंबकी मणीच होते. हें यंत्र १९६५ पर्यंत राबलें. आज त्याची ओळख मुख्यतः छायाचित्रांतून आणि लेखांतून करून घ्यावी लागते. मुंबईची जुनी ट्राम आणि वाफेचें इंजिन वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारांत मुलांना पाहावयास मिळतात. ट्राम ज्यानें चालविली नाहीं, त्यासहि तिचें अगत्य वाटतें. गणकयंत्रांचें अगत्य मात्र आपल्याला उशिरां वाटूं लागलें.

आणि गणनेची परंपरा तर आपल्या घरचीच! अलिबागजवळच्या नागांवीं १८२५ सालीं जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणीं कुलाब्याच्या वेधशाळेंत कामास लागले, आणि पुढें त्यांनीं ग्रहगणिताचीं कोष्टकें मराठींत सिद्ध केलीं. 'गणक' हा शब्द तेव्हां माणसास लागत असे. त्याच कुलाब्यावर शंभरावर वर्षांनीं 'टिफ्रॅक' उभें राहिलें. छत्र्यांचीं कोष्टकें छापलीं गेलीं म्हणून राहिलीं. ज्या मुलींनीं दुसऱ्यांच्या आंकड्यांचीं लाखों छिद्रें पाडलीं, त्यांच्या हातचें कांहींच छापलें गेलें नाहीं.

म्हणून या पानाच्या वाचकांस माझी विनंति आहे. मुलाबाळांकडे परदेशीं जाण्याचा योग आला, तर अशा एखाद्या संग्रहालयास एक दिवस द्यावा. पण तत्पूर्वीं घरांतील वडीलधाऱ्यांस विचारावें कीं, कचेरींत तुम्हीं नेमकें काय केलें, कोणत्या यंत्रावर केलें. तारयंत्र, टेलिफोनची अदलाबदल, छापखान्याचे खिळे, हिशेबाचें हातानें फिरवावयाचें यंत्र, पंचकार्डें. हीं कामें करणारीं माणसें अजून आपल्या घरांत आहेत. शक्य असेल तर त्यांस बरोबर न्यावें. यंत्रापुढील पाटीवर त्याचें वजन आणि साल लिहिलेलें असतें. बाकीचें तींच सांगूं शकतात. तीं सांगतील तें त्याच दिवशीं लिहून काढावें. घरांतील जुन्या कागदास हात लावण्यापूर्वीं ज्याचा तो कागद आहे त्यास विचारावें, आणि ठेवावयाचा ठरल्यास पाठीवर शाईनें न लिहितां पेन्सिलीनें नांव, साल व कामाचें नांव लिहावें. ओलीपासून दूर, उभ्या पेटींत ठेवावा. यास पैसा लागत नाहीं.

नेऱ्यास परत आल्यावर एके संध्याकाळीं मीं अक्कास विचारलें, "मीं तो गठ्ठा रद्दीवाल्यास दिला तेव्हां तूं कां बोलली नाहींस?" ती निवडीत असलेल्या तांदळांकडे पाहत म्हणाली, "तूं विचारलें असतेंस, तर सांगितलें असतें. त्या कार्डांविषयीं घरांत कधीं कोणीं विचारलेंच नव्हतें."

दुसऱ्या दिवशीं मी पनवेलीस जाऊन चौकटींची वही घेऊन आलों. मुलानें १४०१ च्या जुन्या मार्गदर्शक पुस्तकाची प्रत पाठविली आहे. तेव्हांपासून दिवेलागणीनंतर तासभर अक्का सांगते आणि मी लिहून घेतों. एका चौकटींत एक अक्षर, एका ओळींत एक कार्ड. कर्जाचे आंकडे तिला अजून तोंडपाठ आहेत, पण मधल्या कांहीं आज्ञा आठवत नाहींत. तेथें ओळ कोरी सोडून आम्ही पुढें जातों. हा लेख लिहितांना सदुसष्ट ओळी भरल्या आहेत. वही पुरी झाली म्हणजे ती मुलाकडे जाईल, आणि तेथील मंडळींनीं तीं कार्डें पाडून यंत्रास घालण्याचें कबूल केलें आहे. यंत्र तीं स्वीकारील कीं मधेंच थांबेल, तें सांगतां येत नाहीं. पंचांगांतील कार्ड मात्र पंचांगांतच ठेविलें आहे. त्याच्या पाठीवर अक्काचें नांव, १९७३ हें साल आणि 'हिचें काम' एवढें मीं पेन्सिलीनें लिहिलें आहे.